न थांबणाऱ्या गाडीला उत्तर

सेपेलाआत्या चपला न काढताच स्वयंपाकघरात शिरली, तेव्हाच लोसिवालेला कळलं की आज भांडण आहे.

"काल तुझ्या गाडीनं मला माझ्याच घरावरून पुढं नेलं," आत्या म्हणाली. "खिडकीतून मागच्या अंगणातलं माझं धुणं दिसलं. एक चादर वाऱ्यानं खाली पडलेली. हात लांबवला असता तर उचलता आली असती. पण राणीसाहेबांची गाडी कुठली थांबायला."

"आत्या, वेळापत्रक मी करत नाही."

"माहीत आहे. तू फक्त चालवतेस. घोड्याचंही हेच म्हणणं असतं."

लोसिवाले ब्रिस्बेनच्या विमानतळावरून निघणारी जलद गाडी चालवायची. विमानतळ, मग शहर, मग दक्षिणेकडं थेट समुद्रकिनाऱ्याच्या हॉटेलांपर्यंत. मध्ये वॅटल रिज लागतं, आमची वस्ती. वस्तीतली निम्मी माणसं विमानतळावर कामाला: कुणी बॅगा उचलतं, कुणी विमानातल्या जेवणाचे ट्रे भरतं, आत्या विमानांच्या खुर्च्या साफ करते. पूर्वी ही गाडी वॅटल रिजला थांबायची. नव्या वेळापत्रकापासून ती धाडकन निघून जाते, आणि आमची माणसं पुढच्या मोठ्या स्टेशनात उतरून उलट्या गाडीनं घरी येतात.

टेबलाच्या टोकाला लोसिवालेचे वडील, पेसालेली, कोकोत पाव बुडवून खात होते. त्यांनी मान वर केली नाही. आत्या आता त्यांच्याकडं वळली.

"आणि तू, पेसा. तुझ्या तोंडात त्या दिवशी काय होतं? पाव?"

पेसालेली गप्प राहिले. त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही हे बघवलं नसतं, कारण बोलणं हाच त्या माणसाचा मान. लग्न असो, मयत असो, चर्चच्या छपराचा विषय असो, आम्हा सामोअन माणसांत वस्तीच्या वतीनं एकच जण उभा राहतो. हातात उंच काठी, खांद्यावर काथ्याची चवरी. तो बोलला की सगळे बोलले. बाकीच्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही. पेसालेली एकदा एका बाप्तिस्म्याला इतका वेळ बोलले की ज्याचा बाप्तिस्मा होता ते पोर तोवर चालायला शिकलं, असं आत्या सांगते. आत्याच्या सांगण्यात मीठ जरा जास्त असतं, पण फार नाही.

तर त्या दिवशी काय झालं ते सांगतो.

रेल्वेनं फिलिपा नावाची एक बाई चर्चच्या हॉलमध्ये पाठवली होती. बाई चांगली होती. हसून बोलायची, लहान मुलांच्या शेजारी चटईवर बसली, तिला पाय दुमडता येईनात तरी बसली. आम्ही डुक्कर भाजलं होतं, अळूच्या पानांत नारळाचं दूध शिजवलं होतं. बाईनं सगळं खाल्लं, दोनदा वाढून घेतलं. मग तिनं भिंतीवर नकाशा लावला. विमानतळापासून एक जाड रेषा निघाली होती, तिच्यावर स्टेशनांचे ठिपके. वॅटल रिजचा ठिपका नव्हता. आमच्यावरून रेषा अशी सरळ गेली होती जशी काही तिथं नुसती झुडपंच आहेत.

"विमानातून उतरलेल्या प्रवाशांची चार मिनिटं वाचतील," बाई म्हणाली.

"वाचलेल्या मिनिटांचं ते काय करणार म्हणे?" आत्या लोसिवालेच्या कानात कुजबुजली. लोसिवालेनं तिला कोपरानं गप्प केलं.

शेवटी बाईनं विचारलं, "कुणाची काही हरकत आहे का?"

हॉलभर माणसं होती आणि प्रत्येकाच्या पोटात हरकत होती. पण सगळ्यांचे डोळे पेसालेलींकडं गेले. पेसालेली काठीवर हात ठेवून बसून राहिले. बाईनं पुन्हा विचारलं. पेसालेलींनी मान आदरानं थोडी झुकवली. बाई हसली, तिनं आभार मानले आणि नकाशा गुंडाळला.

आमच्यातलं कुठलंही शेंबडं पोर सांगेल की त्या झुकलेल्या मानेचा अर्थ काय. प्रश्न ऐकला, तो मोठा आहे, उत्तर उद्या. ज्या पाहुण्यानं नुकताच आपल्या हातचा घास खाल्लाय त्याला त्याच रात्री नाही म्हणत नाहीत. रात्रभर विचार करतात, सकाळी पुन्हा चटया अंथरतात, पुन्हा रांधतात, आणि मग उत्तर देतात. हे पाहुण्याला कुणी समजावून सांगत नाही. ‘उद्या या हं’ असं सांगणं म्हणजे त्याला रीतभात नाही असं तोंडावर म्हणणं. त्यामुळं बाईला कुणी काही बोललं नाही. ती परत येणार याबद्दल आमच्या कुणाच्याच मनात शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी हॉल पुन्हा झाडला, चटया अंथरल्या, दुसरं डुक्कर भाजलं. पेसालेली सगळ्यात चांगला लावालावा, म्हणजे आमची लुंगी, नेसून, काठी घेऊन बसले. दुपार झाली. मुलं रडायला लागली, त्यांना मागच्या दारानं पाव दिले. बाकी कुणी घास घेतला नाही. ऊन उतरलं, चर्चची घंटा झाली, तेव्हा पेसालेली उठले आणि म्हणाले, "वाटेत काहीतरी अडलं असेल त्यांचं." आणि घरी गेले.

रेल्वेच्या कागदावर लिहिलं गेलं की वॅटल रिजच्या रहिवाशांची हरकत नाही. पुढं चर्चच्या कमिटीनं पत्र पाठवलं, तर मुदत संपली असं छापील उत्तर आलं.

तेव्हापासून वस्तीत लोक पेसालेलींना पूर्वीसारखाच मान देत, पण पाठ वळली की म्हणत, म्हाताऱ्यानं गप्प बसून स्टेशन घालवलं. लोसिवालेला हे ऐकू यायचं. ऐकून ती चिडायची, आणि खरं सांगायचं तर तिलाही तेच वाटायचं.

आज आत्या गेल्यावर ती बोललीच. "बाबा, त्या रात्री दोन शब्द बोलला असतात तर?"

"बाईच्या घशात आपला घास होता."

"ती गिळून गेली की. घासही आणि स्टेशनही."

"ती चुकली," पेसालेली म्हणाले. "तिचं बघून मी पण चुकायचं?"

"मग पत्रावर सही तरी करायची."

"तोंडानं विचारलंय. तोंडानंच उत्तर देईन."

"कुणाला? ती बाई आता परत येणार नाही."

पेसालेलींनी वाटीतला शेवटचा कोको प्यायला आणि तोंड पुसलं. "बाई नाही येणार. पण गाडी रोज येते ना?"

लोसिवालेला वाटलं, म्हातारा चिडून बोलतोय. संध्याकाळी गाडी घेऊन ती वॅटल रिजजवळ आली तेव्हा तिला तो फलाटावर दिसला. पिवळ्या रेषेच्या चांगला मागं, ताठ, लावालावा नेसलेला, हातात काठी, खांद्यावर चवरी. गाडी भरधाव होती. वडिलांचं तोंड उघडलेलं तिला दिसलं, आणि दिसलं तोवर ते मागं गेले.

आमच्यात वडीलधारी माणसं नुसती बसलेली असली तरी त्यांच्यासमोरून कुणी ताठ जात नाही. कमरेत वाकायचं, हात खाली ठेवायचा, ‘तुलोउ’ म्हणायचं, माफ करा, मला जाऊ द्या. तीन वर्षांची पोरं सुद्धा वाकतात. आणि वडील उभे राहून बोलत असताना ती त्यांच्या तोंडासमोरून शेकडो टन लोखंड घेऊन सणसणत गेली होती. स्वतःची इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती.

रात्री तिनं विचारलं, "काय बोलत होतात?"

"आकाशातल्या बापाला नमस्कार केला. पहिला मान त्याचा."

"आणि?"

"आणि गाडी गेली. उद्या पुढचं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी या जमिनीच्या मूळ धन्यांना नमस्कार केला. तिसऱ्या दिवशी रेल्वेच्या घराण्याला सुरुवात केली. आमचा वक्ता समोरच्याचं घराणं आळवल्याशिवाय मुद्द्यावर येत नाही, आणि पेसालेली तर कधीच येत नाहीत. ज्यांनी पहिली खडी टाकली त्यांना नमस्कार. ज्यांनी उन्हात रूळ ओढले त्यांना नमस्कार. ज्यांनी अंधारात कंदील धरले त्यांना. दिवसाला एक वाक्य, कारण गाडी निघून जायच्या आत एवढंच मावायचं. दुसऱ्या दिवशी ते जिथं तुटलं तिथून पुढं सुरू करायचे, एक शब्द मागं न जाता.

"असंच चाललं तर माझ्या मयतीपर्यंत रेल्वेच्या पणजोबापर्यंत पोहोचेल," आत्या म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी तीसुद्धा कामावर सुट्टी टाकून फलाटावर चटई टाकून बसली. तिच्या मागोमाग चर्चच्या बायका आल्या. मग बाप्ये आले. कुणी घोषणा दिल्या नाहीत, फलक धरले नाहीत. वक्ता बोलत असताना त्याच्या मागं बसायचं असतं, म्हणून बसले. आठवडाभरात गाडीतले प्रवासी खिडकीला नाक लावून बघायला लागले.

लोसिवालेनं एका संध्याकाळी वेग कमी केला. फार नाही, माणूस धावतो तेवढा. केबिनची काच खाली केली आणि तिला वडिलांचं अख्खं वाक्य ऐकू आलं, खणखणीत: ज्यांनी सिग्नलच्या खोलीत बसून वादळात गाड्या सांभाळल्या, त्यांच्या लेकरांना नमस्कार.

डेपोतल्या साहेबानं दुसऱ्याच दिवशी बोलावलं. "वॅटल रिजला वेग का कमी केलास?"

"फलाटावर म्हातारा माणूस होता."

"कॅमेऱ्यात बघितलं मी. पिवळ्या रेषेच्या मागं होता."

"होता," ती म्हणाली.

"तुझा कोण?"

"वडील."

साहेबानं सुस्कारा टाकला. माणूस वाईट नव्हता, पण खुर्चीला बांधलेला होता. "लोसी, ही ताकीद आहे. पुन्हा झालं तर गाडी हातात राहणार नाही. आणि तू तिथं थांबलीस बिंबलीस तर मला विचारूच नकोस."

तिनं ते कुणाला सांगितलं नाही. ड्रायव्हरच्या केबिनपर्यंत पोहोचायला तिला कितीतरी वर्षं लागली होती. आधी तिकीट तपासनीस, मग गार्ड, मग रात्रीचे अभ्यास, नापास झालेली एक परीक्षा. वस्तीतल्या मुली तिच्याकडं बोट दाखवून म्हणायच्या, ती बघ, गाडी चालवते. केबिनमध्ये एकटीनं बसून रूळ अंगावर येताना बघणं तिला जगात सगळ्यात जास्त आवडायचं. आता तेच जायची वेळ आली होती.

त्या रात्री पेसालेली जेवताना म्हणाले, "काल गाडी हळू गेली."

"हो."

"पुन्हा नको."

ती चकित झाली. "का? तुमचं एक अख्खं वाक्य मला ऐकू आलं की."

"पाहुणा दारात घोटाळतो, आत येत नाही, जातही नाही, एक कान आपल्याकडं लावतो. तसं वाटलं मला." त्यांनी अळूचा तुकडा मोडला. "ऐकायचं तर थांबून ऐकावं. नाहीतर आपल्या वेगानं जावं. मी कुणाकडं भीक मागत नाही, पोरी. तुझ्याकडंही नाही."

लोसिवालेला राग आला. इतका की ताट सरकवून ती उठली आणि मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली. म्हातारा तिच्यासाठी एवढीही फट ठेवायला तयार नव्हता. आणि रागातच तिच्या लक्षात आलं की तिला या माणसाचा अभिमान वाटतोय.

यानंतर ती आपल्या वेगानं जात राहिली. रोज संध्याकाळी तोंड उघडलेले वडील, मागं बसलेली वस्ती, आणि मग काहीच नाही, पुढचे रूळ. गार्ड नेव्हिल, निवृत्तीला आलेला, गालफडं लाल असलेला ब्रिस्बेनचाच माणूस, शेवटच्या स्टेशनात तिला चहा आणून द्यायचा.

"तुझा बाप आज कुणाला नमस्कार करत होता?" तो विचारायचा.

"गार्ड लोकांना."

"खरंच?"

"शिट्टी वाजवून ज्यांच्या छातीत दम उरला नाही त्यांना, असं म्हणाले म्हणे."

नेव्हिलनं कप खाली ठेवला. "चाळीस वर्षं झाली मला," तो म्हणाला. "कुणी नमस्कार केला नव्हता." मग त्यानं नाक शिंकरलं आणि चहा फार गोड झालाय अशी तक्रार केली.

एका सकाळी आत्या आली. या वेळी तिनं दारात चपला काढल्या, त्यामुळं लोसिवाले जास्त घाबरली.

"नमस्कार संपले," आत्या हळू आवाजात म्हणाली. "काल शेवटचा झाला. आज उत्तर आहे."

आतल्या खोलीत पेसालेली चवरीचे काथे सोडवत बसले होते. लोसिवाले दारात उभी राहिली. दिलेलं उत्तर कुणी दुसऱ्यांदा देत नाही, हे तिला त्यांनी सांगायची गरज नव्हती. एकदा बोलायचं. ऐकणाऱ्यानं ऐकलं तर ठीक. ते वाऱ्यावर गेलं तर ते गेलंच, आणि मग वॅटल रिजच्या नावावर कायमचं लिहिलेलं राहणार की त्यांची हरकत नाही.

"संध्याकाळची गाडी कुणाची आहे?" पेसालेलींनी विचारलं, मान वर न करता.

"माझी."

"बरं."

"बाबा, मला काही सांगायचंय का तुम्हाला?"

"आज ऊन आहे. टोपी ने." ते म्हणाले आणि काथा सोडवत राहिले.

संध्याकाळी विमानतळावर गाडी भरली. चाकांच्या बॅगा, सर्फिंगच्या फळ्या, आणि दारापाशी उभी विमानतळाची माणसं, गळ्यात ओळखपत्रं, पायात दिवसभर घातलेले बूट. आत्या आज मुद्दाम कामावर आली होती. चढताना तिनं केबिनकडं बघितलं, पण काही बोलली नाही. हेही अशुभच.

शहर मागं पडलं. लोसिवाले मनात म्हणत होती, जाऊ या, सरळ जाऊ या. उत्तर काय, सगळ्यांना माहीतच आहे. रेल्वेला सांगून ती काय बदलणार आहे? आणि मग तिला चर्चच्या हॉलमधली न खाल्लेली पानं आठवली, आणि घंटा झाल्यावर ‘वाटेत काहीतरी अडलं असेल त्यांचं’ असं म्हणत उठलेले तिचे वडील. ज्यांनी त्यांना फसवलं नव्हतं, जे नुसतं विसरले होते, त्यांचीही बाजू सावरत उठलेले. तिचे कान तापले. विसरले म्हणजे काय? माणसं होती तिथं.

वॅटल रिजचा सिग्नल हिरवा होता. फलाट दिसला, फलाटावर चटया, चटयांवर वस्ती, आणि सगळ्यांच्या पुढं काठी घेतलेला एक माणूस.

तिनं ब्रेक ओढला.

गाडी मोठा सुस्कारा सोडून थांबली. केबिन बरोबर वडिलांच्या समोर आली. तिनं काही मोजलं नव्हतं, हात आपोआप बसला. पेसालेलींनी एकदा गाडीकडं बघितलं, आणि कुठलीही घाई नसल्यासारखी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"लोसी?" आतल्या फोनवर नेव्हिल होता. "थांबलोय आपण."

"हो."

"बिघाड?"

"नाही. बाबा बोलतायत."

नेव्हिल म्हणाला, "म्हातारा झालोय मी. अशात बोट चुकीच्या बटणावर पडतं." आणि गाडीचे सगळे दरवाजे उघडले.

विमानतळाची माणसं आधी जागची हलली नाहीत. आपल्याच स्टेशनात उतरायची सवय मोडली होती. मग सेपेलाआत्या बॅगांमधून वाट काढत, वाकत, ‘तुलोउ, तुलोउ’ म्हणत फलाटावर उतरली, आणि तिच्या मागून बाकीचे. उतरले ते घराकडं गेले नाहीत. वक्त्याच्या मागं जाऊन बसले.

रेडिओ खरखरला. "जलद, वॅटल रिजला का थांबलात?" कंट्रोलमधला माणूस होता, ज्याच्या हातात सगळ्या लाइनीचे दिवे असतात.

"एक वडीलधारे बोलतायत," लोसिवाले म्हणाली. "त्यांच्यासमोरून जाता येत नाही."

"काय?"

"वडीलधारे बोलतायत."

"रुळावर कुणी आहे का?"

"नाही."

"मग गाडी काढ."

"बोलणं संपलं की काढते."

"किती वेळ?"

लोसिवालेनं खिडकीतून बघितलं. पेसालेलींनी खांद्यावरची चवरी एका खांद्यावरून दुसऱ्यावर टाकली होती. "नमस्कार संपलेत," ती म्हणाली. "तुमचं नशीब."

"तुझ्या मागं दोन गाड्या उभ्या आहेत. हे तुला महागात पडेल, कळतंय ना?"

"कळतंय. आता तुम्ही गप्प बसा आणि ऐका. हे तुमच्यासाठीच आहे."

तिनं रेडिओचा माइक वायर ताणून खिडकीबाहेर धरला आणि बटण दाबून ठेवलं. त्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला कंट्रोलची खोली होती, आणि मागं अडकलेल्या गाड्यांच्या केबिनी होत्या, आणि त्या दिवशी बोललेला प्रत्येक शब्द साठवून ठेवणारं रेल्वेचं यंत्र होतं.

पेसालेलींनी माइककडं बघितलं. मुलीकडं बघितलं नाही. वक्ता बोलताना मुलगी वगैरे कुणी नसतं. आता मोठं भाषण होणार, असंच सगळ्यांना वाटत होतं, कारण या माणसानं उभ्या आयुष्यात थोडक्यात काही सांगितलेलं नव्हतं.

"तुम्ही आमच्या घरी आलात," पेसालेली इंग्रजीत म्हणाले, सावकाश, एकेक शब्द खाली ठेवत. "आमचं अन्न खाल्लंत. मग विचारलंत, कुणाची हरकत आहे का."

ते थांबले. कुठंतरी गाडीत एक बाळ कुरकुरलं, कुणीतरी त्याला थोपटलं.

"हरकत आहे," पेसालेली म्हणाले. "आम्ही इथं राहतो."

आणि ते गप्प झाले. एवढंच. आत्यानं तोंडावर हात दाबला. लोसिवालेनं माइक तसाच धरून ठेवला. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिच्याकडं मोकळा हात नव्हता.

तिनं बटण सोडलं. रेडिओतून काहीच आलं नाही. पेसालेली काठीवर भार टाकून उभे राहिले. बोलून झालं की वक्ता लगेच खाली बसत नाही. समोरून पोच येईपर्यंत उभा राहतो, आणि तो उभा असेपर्यंत कुणी उठत नाही.

"जलद," रेडिओ शेवटी म्हणाला. आवाज खाली आला होता. "ऐकलं. आता गाडी काढ. आणि उद्या ऑफिसात ये."

"येते," लोसिवाले म्हणाली. "पण ऐकलं ते मला सांगू नका. मी तुम्हाला काही विचारलं नव्हतं. ते उभे आहेत, त्यांना सांगा."

"काय सांगू?"

"ऐकलं म्हणून."

तिनं आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि माइकऐवजी आता रेडिओचा छोटा कर्णाच काचेशी आणला. खूप वेळ नुसती खरखर ऐकू येत होती. मागच्या गाड्यांपैकी एका केबिनीतून कुणीतरी अनोळखी ड्रायव्हर मध्येच म्हणाला, "सांग ना बाबा, माणूस उभाय," आणि पुन्हा खरखर. मग कंट्रोलमधल्या माणसानं घसा साफ केला.

"सर," तो म्हणाला. फलाटाच्या टोकाला बसलेल्यांनाही ऐकू गेलं. "ऐकलं आम्ही. तुमची हरकत आहे. लिहून घेतोय."

पेसालेलींनी ते पुरतं ऐकून घेतलं. मग काठी जमिनीवरून उचलून काखेत घेतली, मान किंचित हलवली, आणि हातानं गाडीला जायची परवानगी दिली.